गुरूच्या पोटात धातू आणि हर्षलच्या पोटात तापलेला बर्फ: नक्की भानगड काय आहे?

तेरेखोल | रविवार, सकाळी ७:५०

भांडण सोडवा रे कोणीतरी. काल आम्ही सात जण भोरच्या पुढे दुर्बीण घेऊन गेलो होतो. थंडी मरणाची, थर्मासमधला चहा दहालाच संपलेला, पण गुरू काय दिसला म्हणून सांगू! दोन पट्टे स्पष्ट आणि चार चंद्र ओळीत.

परत येताना गाडीत एक जण म्हणाला, "नुसता वायूचा गोळा आहे तो. यान सोडलं तर या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर." मागच्या सीटवरून दुसरा म्हणाला, "आत धातू आहे. हायड्रोजनचाच." पहिला जो हसत सुटला तो खेड शिवापूरचा टोलनाका आला तरी हसतच होता. मिसळीची पैज लागली आहे आणि निवाडा माझ्यावर आला आहे. मी कॉमर्सवाली.

घरी येऊन थोडं वाचलं तर गोंधळ वाढलाच. हायड्रोजन म्हणजे फुग्यात भरतात तो ना? तो धातू कसा होईल? आत कोणी जाऊन आलंय का? आणि युरेनस, म्हणजे आपल्या पंचांगातला हर्षल, आणि नेपच्यून यांच्या पोटात हजारो अंश तापमानाचा "बर्फ" असतो म्हणे. हे तर मला सरळ थट्टाच वाटतंय.

आबा_खगोल | सकाळी ८:३५

तेरेखोल, पहिल्या गड्याला मिसळीचे पैसे काढायला सांगा. पण दुसऱ्यानेही फार ताठ बसू नये.

आत एक जण गेला होता, माणूस नव्हे, कुपी. गॅलिलिओ यानाने सोडलेली ही कुपी ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या वातावरणात घुसली. वेग सेकंदाला ४७ किलोमीटर. उष्णतारोधक कवच निम्म्याहून अधिक जळून गेलं, मग पॅराशूट उघडलं आणि साधारण ५८ मिनिटं ती माहिती पाठवत राहिली. शेवटचा संदेश आला तेव्हा भोवतालचा दाब २२ बार होता आणि तापमान दीडशे अंशांच्या आसपास. नंतर गप्प.

म्हणजे खाली किती गेली? दीडशे किलोमीटर. गुरूची त्रिज्या ७१ हजार किलोमीटरच्या वर. कांदा हातात घेतला आणि वरचा कागदासारखा पापुद्रा टोकरला, इतकंच. त्या पलीकडचं सगळं ज्ञान अप्रत्यक्ष आहे, आणि मला वाटतं खरी गंमत तिथेच आहे.

"या बाजूने आत, त्या बाजूने बाहेर" मात्र विसरा. गुरूच्या केंद्राशी दाब चार कोटी बारच्या वर असावा आणि तापमान वीस हजार अंशांच्या घरात.

भोसरीचा_प्रेसवाला | सकाळी ९:१०

बारचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं, एरवी मी वाचनमात्र.

ज्यांना बार म्हणजे काय हे हाताला कळत नाही त्यांच्यासाठी: आपल्या भोवतीची हवा १ बार. घरचा कुकर शिटी देतो तेव्हा आत २ बार, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं आणि डाळ शिजते. आमच्या शॉपमधली हायड्रॉलिक प्रेस अडीचशे-तीनशे बार तेलावर चालते, आणि तेवढ्यावर दहा एमएमची पट्टी पापडासारखी वाकते. शेजारच्या शेडमध्ये वॉटरजेट आहे, ४००० बार. बारीक छिद्रातून पाणी येतं आणि स्टील कापत जातं. त्या मशीनजवळ मी आजही दोन पावलं लांब उभा राहतो.

आबा, चार कोटी म्हणजे वॉटरजेटच्या दहा हजार पट. माझी तर कल्पनाच बंद पडली.

एक प्रश्न. आम्हाला आयटीआयला शिकवलं होतं की पाणी दाबलं जात नाही, म्हणून तर हायड्रॉलिक्स चालतं. मग तिकडे ग्रहात पाण्याचं काय होतं?

वाचनमात्र_२ | सकाळी ९:२२

वाखुसा (वाचनखूण साठवली). धागा पळणार.

निळीशाई | सकाळी ११:०५

प्रेसवाले दादा, तुमच्या वॉटरजेटमधलं पाणीसुद्धा दाबलं जातं. ४००० बारला त्याचं आकारमान साधारण १२ टक्क्यांनी कमी होतं. कुकरच्या किंवा प्रेसच्या दाबाला फरक इतका किरकोळ असतो की "दाबलं जात नाही" म्हणून चालून जातं.

मी पीएचडी करताना पाच वर्षं हेच केलं, पाणी दाबणे. कॉमर्सवाल्यांनाही कळेल असं लिहायचा प्रयत्न करते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं यंत्र मुठीत मावतं. दोन हिरे, टोकाला टोक लावून. टोक म्हणजे सुई नाही, घासून सपाट केलेला गोल, रुंदी ०.३ मिलिमीटर. मध्ये धातूची पातळ चकती, चकतीला भोक, भोकात पाण्याचा कणभर थेंब आणि माणकाचा एक कण. बाजूचे स्क्रू अ‍ॅलन कीने पिळायचे. एवढंच. प्रेस नाही, मोटर नाही. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ इतकं चिमुकलं की २० हजार बारसाठी त्या टोकावर चौदा किलोचा भार पुरतो. चकतीवर जाणारा जोर वेगळा, पण तोही पान्याने येतो. माणकाचा कण कशाला? त्यावर हिरवा लेसर टाकला की तो लाल चमकतो, आणि दाब वाढला की त्या लाल रंगाची तरंगलांबी सरकते. तोच आमचा प्रेशर गेज.

आता पाणी. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, खोलीच्या तापमानाला, स्क्रू एकेक अंश पिळत जायचं. बराच वेळ काहीच होत नाही. दहा हजार बारच्या आसपास एकदम, डोळ्याची पापणी लवते ना लवते, भोकभर काच तडकल्यासारखं दिसतं. गोठलं! बाहेर पंखा चालू आहे, माझ्या कपाळावर घाम आहे आणि हिऱ्यांच्या मध्ये बर्फ आहे. स्क्रू अगदी किंचित सैल केला की तो वितळायला लागतो, एकच स्फटिक उरतो, त्याच्या कडा गोल होतात. हा बर्फ पाण्यात तरंगत नाही, बुडतो. पहिल्यांदा बघितला त्या दिवशी मी जेवायला विसरले होते.

हा बर्फ-६. आणखी पिळलं की २१ हजार बारला बर्फ-७. पर्सी ब्रिजमन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१२ मध्येच असे बर्फाचे अनेक प्रकार नोंदवले होते, हिऱ्यांशिवाय, पोलादी यंत्रात. त्याला १९४६ चं नोबेल मिळालं. आणि तेरेखोल ताई, २४ हजार बारला हा बर्फ १०० अंश सेल्सियसला सुद्धा बर्फच राहतो. हात लावता आला असता तर भाजलं असतं. तुमच्या थट्टेची पहिली पायरी ही.

होतं कशामुळे? आपल्या फ्रीजमधला बर्फ आतून पोकळ असतो. प्रत्येक रेणूला चारच शेजारी, मध्ये मोकळी जागा, म्हणून तो पाण्यापेक्षा हलका. दाब ही पोकळी खपवून घेत नाही. बर्फ-७ मध्ये तशाच दोन जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, एकीच्या पोकळीत दुसरी.

घंटीवाला | सकाळी ११:४८

मी मूळचा खानदेशचा, बावीस वर्षं सुरतेत हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर. निळीशाई ताई, हे तुमचे हिरे कोण घासतं? टोक सपाट करायचं म्हणजे आमच्या तळियाच्या, म्हणजे हिऱ्याच्या खालच्या निमुळत्या भागाच्या, टोकाला मुद्दाम टेबल (सपाट तोंड) पाडण्यासारखं झालं. आमच्याकडे कोणी तसं केलं तर मालक हाकलून देईल.

निळीशाई | दुपारी १२:१५

घंटीवाले भाऊ, अगदी बरोबर ओळखलंत! दागिन्यात जे टोक लपवायचं तेच आमचं कामाचं टोक. हिरा पाव ते तृतीयांश कॅरेटचा असतो. आणि सगळ्यात पहिलं असं दोन हिऱ्यांचं यंत्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मानक संस्थेत बनलं, तेव्हा वापरलेला हिरा तस्करांकडून जप्त केलेल्या मालातला होता.

तुम्हाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये नैसर्गिक हिऱ्यांच्या आत अडकलेला बर्फ-७ सापडला. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल हिरा बनताना पाणी आत कोंडलं, हिरा वर आला, थंड झाला, पण आतला दाब सुटला नाही. पाणी तसंच बर्फ बनून राहिलं.

घंटीवाला | दुपारी १२:३०

म्हणजे आम्ही ज्याला डाग म्हणून भाव पाडतो त्यात बर्फ निघाला? गेल्या बावीस वर्षांत किती बर्फ धुळीला मिळवला असेल देव जाणे.

शंकासुर | दुपारी १:४०

सगळं छान चाललंय, पण पाण्याच्या नादात हायड्रोजन राहिला. मी वाचलेलं असं: एका गटाने १४ लाख बारला धातू केला. दुसरा म्हणतो ४२ लाख लागतात. तिसऱ्याने ४९ लाखांना केला आणि मग त्याचा हिराच फुटला. आणि मूळ भाकीत तर म्हणे अडीच लाखांचं होतं. तिघांनी तीन आकडे सांगितले की आमच्या गावात त्याला थाप म्हणतात. जमलं की नाही जमलं?

निळीशाई | दुपारी ३:२०

शंकासुर, प्रश्न झकास आहे, कारण उत्तरात एक गोष्ट दडली आहे जी बहुतेक लेख गाळतात. सगळे दाब-दाब करतात, तापमान विसरतात.

आधी धातू का व्हावा ते. आवर्तसारणीत हायड्रोजन कुठे बसतो बघा: पहिल्या स्तंभात, लिथियम आणि सोडियमच्या डोक्यावर. खालचं सगळं खानदान धातूंचं, हा एकटाच वायू. कारण याचे अणू जोडीजोडीने राहतात, दोघांचे इलेक्ट्रॉन त्या जोडीपुरते बांधलेले. आता विरार लोकलच्या डब्यात सायंकाळी सहाला जे होतं ते आठवा. दादरला आपण मित्राबरोबर चढतो, अंधेरीपर्यंत कोण कोणाबरोबर आलंय याला काही अर्थ उरत नाही. पिशवी कोणाच्या मांडीवर, डबा कोणाच्या हातात. अणू इतके दाटले की इलेक्ट्रॉन कोणा एका जोडीचे राहत नाहीत, सगळ्या डब्याचे होतात. मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे वीज वाहणार, म्हणजे धातू. यूजीन विग्नर आणि हिलार्ड हंटिंग्टन यांनी १९३५ मध्ये हे गणिताने मांडलं, दाब सांगितला अडीच लाख बार. कल्पना बरोबर, आकडा फारच कमी.

१४ लाखांचा प्रयोग १९९६ चा, अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतला. वीसेक मीटर लांबीची तोफ. आधी बारूद, मग त्याने दाबलेला हायड्रोजन वायू, आणि त्याच्या जोरावर सेकंदाला सात किलोमीटरपर्यंत वेगाने सुटणारी चकती. ती जाऊन आदळते द्रवरूप हायड्रोजनच्या अर्ध्या मिलिमीटर थरावर. हा थर नीलमण्याच्या, म्हणजे कृत्रिम सफायरच्या, दोन पट्ट्यांमध्ये. धक्का या पट्टीवरून त्या पट्टीवर आपटत राहतो आणि दाब टप्प्याटप्प्याने चढतो. का? सायकलचा पंप जोरात मारला की नळी तापते ना, तसं एकाच दणक्यात हायड्रोजन भयंकर तापतो आणि दाबला मात्र कमीच जातो. टप्प्यांनी गेलं तर कमी तापून जास्त दाबला जातो. तरीही तापमान तीन हजार अंशांच्या आसपास गेलंच. मिळाला तो तापलेला, द्रव धातू, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ. त्यांनी त्याचा विद्युतरोध मोजला.

४२ लाखांचा प्रयोग फ्रान्समधला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. तो थंड, शून्याखाली जवळपास दोनशे अंश, घन हायड्रोजन. ४२.५ लाख बारला त्यातून अवरक्त प्रकाश आरपार जाणं एकदम थांबलं. धातू झाल्याची ती खूण, म्हणून त्यांनी स्वतःही "बहुधा" असाच शब्द वापरला.

म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. उष्णता जोड्या तोडायला मदत करते, म्हणून गरम हायड्रोजनला कमी दाब पुरतो. आणि गुरूच्या पोटात गरमच आहे. तिथे ४२ लाखांची वाट बघावी लागत नाही.

शंकासुर | दुपारी ३:४५

पटलं. आणि तो ४९ लाखवाला?

निळीशाई | दुपारी ४:१०

२०१७, हार्वर्ड, डायस आणि सिल्व्हेरा. त्यांनी चकाकणाऱ्या नमुन्याचा फोटो छापला, दाब ४९.५ लाख बार. दाबाच्या मोजणीवर लगेच टीका झाली. त्याच फेब्रुवारीत हिरा फुटला आणि नमुना गेला. यातल्या डायस यांचे पुढे अतिवाहकतेवरचे (विजेला अजिबात रोध न होण्यावरचे) दोन गाजलेले शोधनिबंध 'नेचर'ने २०२२ आणि २०२३ मध्ये मागे घेतले. ते निबंध वेगळ्या पदार्थांवरचे होते हे खरं, पण आमच्या क्षेत्रात अजून त्या विषयावर चहा गार होतो.

हिरा फुटणं मात्र मी कोणाला हसणार नाही. हायड्रोजन हिऱ्यात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. माझे तीन गेले. आवाज मोठा होत नाही, "टिक्" एवढाच. पण तो आवाज झाला की प्रयोगशाळेतले सगळे दोन मिनिटं तुमच्याशी बोलत नाहीत, सुतक असल्यासारखं.

आबा_खगोल | सायंकाळी ५:३०

+१. आता पुन्हा गुरूकडे, नाहीतर धाग्याला फाटे फुटतील.

"आत धातू कोणी पाहिला" याचं उत्तर: कोणीच नाही, पण त्याची हाक ऐकू येते. १९५५ मध्ये बर्क आणि फ्रँकलिन या दोघांना २२ मेगाहर्ट्झवर एक खरखर सापडली. गुरू जसा आकाशात सरकायचा तशी तीही सरकायची. त्या खरखरीतून पुढे कळलं की गुरूला जबरदस्त चुंबकीय क्षेत्र आहे. विषुववृत्तावर सुमारे ४.२ गाऊस (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आपल्याकडे पृथ्वीवर अर्धा गाऊस धरा. त्या क्षेत्रात घिरट्या घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं रेडिओ उत्सर्जन आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही ६१० मेगाहर्ट्झवर नोंदलेलं आहे. द्राक्षांच्या बागांमधून गुरूच्या पोटाचा ठाव लागतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

एवढं क्षेत्र तयार व्हायला वीज वाहणारा आणि ढवळला जाणारा प्रचंड साठा हवा. गुरूवर लोखंड तेवढं नाही. आहे तो हायड्रोजन. दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरणारा द्रव धातूचा गोळा म्हणजे डायनामोच, फिरता फिरता वीज आणि चुंबकीय क्षेत्र तयार करणारा.

तेरेखोल | सायंकाळी ६:०५

म्हणजे वर वायू, मग द्रव हायड्रोजनचा समुद्र, खाली धातू, असे थर? समुद्राची लाट वगैरे?

निळीशाई | सायंकाळी ६:४०

समुद्र म्हणू नका, माझी सगळ्यात जास्त चिडचिड त्या चित्रांवर होते. समुद्राला पृष्ठभाग लागतो. हायड्रोजनचा दाब १३ बारच्या आणि तापमान शून्याखाली २४० अंशांच्या वर गेलं की वायू आणि द्रव हा भेदच संपतो. गुरूवर तापमान सगळीकडेच त्याहून जास्त आहे. त्यामुळे खाली जाल तसं नुसतं दाट होत जातं. दाट हवा, मग पातळ रस, मग घट्ट रस, पण "इथे हवा संपली, इथे रस सुरू झाला" अशी रेघ कुठेच नाही. धातूपणही तसंच, दहा-वीस लाख बारच्या पट्ट्यात हळूहळू चढत जातं.

तळाला खडकाचा टणक गोळा असेल असं आम्ही शिकलो होतो. तेही मोडलं. जूनो यान २०१६ पासून गुरूभोवती फिरतंय. जवळून जाताना गुरुत्वाने त्याचा वेग किती बदलतो हे रेडिओवरून मोजतात, सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या बारकाईने. त्यातून निघालं की गाभा पसरट आहे, कडा नसलेला. खडक आणि पाणी धातुरूप हायड्रोजनमध्ये विरघळत असावेत, बराच वरपर्यंत. पाणी आणि हायड्रोजन वर भेटले तर एक वागणूक, खाली भेटले तर दुसरीच.

भोसरीचा_प्रेसवाला | रात्री ८:००

आणि हेलियम? फुग्यातला खरा गडी तर तोच.

निळीशाई | रात्री ८:३५

हेलियमचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. वर दोघे गुण्यागोविंदाने राहतात. हायड्रोजन धातू झाला की हेलियमशी पटेनासं होतं. हेलियम वेगळा पडतो, त्याचे थेंब बनतात आणि खाली पडायला लागतात. पाऊस! पडताना घर्षणाने उष्णता निघते. शनी आपल्या वयाच्या मानाने जास्त गरम आहे आणि त्याचं हेच कारण असावं, असं स्टीव्हनसन आणि सालपीटर यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं.

पुरावा? आबांच्या त्या कुपीतच होता. गुरूच्या वरच्या थरात हेलियम सूर्याच्या मानाने थोडा कमी निघाला आणि निऑन तर अपेक्षेच्या दहावा हिस्सा. निऑन कुठे गेला? २०१० मध्ये गणिताने दाखवलं गेलं की तो हेलियमच्या थेंबांत विरघळतो, हायड्रोजनमध्ये राहणं त्याला आवडत नाही. थेंबांबरोबर तोही खाली गेला. मग २०२१ मध्ये हायड्रोजन-हेलियमचं मिश्रण आधी हिऱ्यांमध्ये ४० हजार बारला दाबलं, त्यावर लेसरचा दणका दिला, आणि ते गुरूच्या पोटासारख्या स्थितीत वेगळं होताना दिसलं.

शंकासुर | रात्री ८:५०

म्हणजे शनी तापलेला असतो हे पत्रिकेवाले उगीच नाही म्हणत. अवांतर: माझी साडेसाती चालू आहे, हेलियमसाठी काही शांत वगैरे असते का?

तेरेखोल | रात्री ९:१५

शंकासुर, तुमच्यासाठी एक फुगा सोडते.

निळीशाई ताई, हर्षलचा बर्फ राहिला. बर्फ-७ कळला. पण हजारो अंशांचा?

निळीशाई | रात्री १०:३०

हो, जेवून बसले निवांत.

बर्फ-७ आणखी दाबत जा. काही लाख बारला प्रत्येक हायड्रोजन दोन ऑक्सिजनांच्या बरोबर मध्ये येऊन बसतो. कोणता हायड्रोजन कोणत्या ऑक्सिजनचा हे सांगता येत नाही, म्हणजे पाण्याचा रेणूच संपला. त्याला बर्फ-१० म्हणतात. आता हे तापवा, दोन-तीन हजार अंश. नेहमीचा पदार्थ वितळला असता. इथे अर्धाच वितळतो! ऑक्सिजनचे अणू आपापल्या जागी घट्ट, आणि हायड्रोजनची केंद्रकं सैरावैरा.

पंगत डोळ्यासमोर आणा. ऑक्सिजन पानावर बसलेले, मांडी घालून, ओळीत, कोणी उठत नाही. हायड्रोजन म्हणजे वाढपी, या ओळीतून त्या ओळीत अखंड पळताहेत. पंगतीकडे बघाल तर घन आहे, वाढप्यांकडे बघाल तर द्रव. वाढप्यांच्या अंगावर धन विद्युतभार असल्यामुळे हा बर्फ वीज वाहतो, तीही इलेक्ट्रॉनांनी नव्हे, केंद्रकांनी. याला सुपरआयॉनिक बर्फ म्हणतात. १९८८ मध्ये संगणकावर भाकीत झालं आणि पुरावा मिळायला तीस वर्षं लागली. २०१८ मध्ये मारियस मियो आणि सहकाऱ्यांनी आधी हिऱ्यांमध्ये पाण्याचा बर्फ-७ केला, २५ हजार बारला, मग अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरने त्याला ठोकलं. २०१९ मध्ये त्याच लेसरवर पाण्याच्या पातळ थराचा क्ष-किरण फोटो घेतला, काही अब्जांश सेकंदांत. ऑक्सिजनची रचना दिसली आणि नाव पडलं बर्फ-१८. दाब दहा ते चाळीस लाख बार. हा बर्फ पारदर्शक नसतो, काळपट असतो.

युरेनस आणि नेपच्यूनच्या पोटात नेमका हाच दाब आणि हेच तापमान आहे.

आबा_खगोल | रात्री १०:५५

आणि तिथेच चुंबकाचं जुनं कोडं येतं. व्हॉयेजर-२ जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून गेलं, ऑगस्ट १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून. दोन्हीकडे चुंबकीय अक्ष तिरपागडा: युरेनसचा फिरण्याच्या अक्षाशी ५९ अंश, नेपच्यूनचा ४७. वर तो केंद्रातूनही जात नाही, बाजूला सरकलेला. शनीचा अक्ष मात्र जवळजवळ तंतोतंत जुळतो. त्या वेळी आम्ही मंडळाच्या बैठकीत यावर दोन तास वाद घातला होता, निष्पन्न शून्य.

निळीशाई | रात्री ११:२०

एक स्पष्टीकरण २००४ चं, स्टॅनली आणि ब्लॉक्सहॅम यांचं. डायनामो पूर्ण पोटभर नसून फक्त वरच्या पातळ थरात असेल तर असं वेडंवाकडं क्षेत्र तयार होऊ शकतं. खालचा भाग ढवळला जात नसावा. सुपरआयॉनिक बर्फ त्यात चपखल बसतो: वीज वाहतो, पण पंगत बसलेली, ती वाहत नाही.

दुसरं ताजं आहे. २०२४ च्या अखेरीस बर्कलीच्या बर्कहार्ड मिलिट्झर यांनी संगणकावर पाणी, मिथेन आणि अमोनियाचं मिश्रण दाबलं आणि तापवलं. ते आपोआप दोन थरांत फुटलं, वर पाण्याचा, खाली कार्बन-नायट्रोजन-हायड्रोजनचा. खालचा थर ढवळला जात नाही, डायनामो वरच्यात. या चित्रात सुपरआयॉनिक बर्फाची गरजच पडत नाही. मला स्वतःला हे जास्त पटतंय, आणि हे लिहिताना थोडं वाईटही वाटतंय, कारण पाच वर्षं मी पंगतीच्या बाजूने होते.

शंकासुर | रात्री ११:३५

मग एक यान पाठवून सोक्षमोक्ष लावा की.

आबा_खगोल | रात्री ११:५०

युरेनसभोवती फिरणारं यान आणि आत सोडायची कुपी, हे पुढच्या ग्रहमोहिमा ठरवणाऱ्या २०२२ च्या अमेरिकी अहवालात पहिल्या क्रमांकावर आहे. पण पोचायलाच दशकभर लागतं. मी तेव्हा नव्वदीत असेन. बघू.

घंटीवाला | सोमवार, सकाळी ६:१०

कामावर जायच्या आधी विचारतो. नेपच्यूनवर हिऱ्यांचा पाऊस पडतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. खरं असेल तर आमचा धंदा बसला.

निळीशाई | सकाळी ८:०२

व्हॉट्सअ‍ॅपला या वेळी पूर्ण खोटं पाडता येत नाही. तिथल्या मिथेनमधला कार्बन दाबाखाली वेगळा होऊन हिरा बनत असावा, ही कल्पना १९८१ ची. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेसरवर पॉलिस्टिरीन या प्लास्टिकला लेसरने ठोकलं, १५ लाख बार, पाच हजार अंश, आणि हिऱ्याचे कण दिसले. पुढे २०२२ मध्ये पेट प्लास्टिकवर, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकवर, तसाच प्रयोग झाला. त्यात ऑक्सिजनही असतो, म्हणून ते ग्रहाच्या जास्त जवळचं. तिथे हिरे आणखी सहज बनले. पण कण नॅनोमीटरचे, घंटीवर धरता येणार नाहीत. तुमचा धंदा सुरक्षित आहे.

भोसरीचा_प्रेसवाला | सकाळी ८:४०

बाटलीपासून हिरे. आमच्या शॉपच्या मागे पोतंभर पडल्यात.

तेरेखोल | सकाळी ९:३०

निवाडा कळवला: दोघांनी निम्मे निम्मे भरायचे. वायू म्हणणाऱ्याचं म्हणणं आहे की रेघच नाही तर तो हरला कसा. धातू म्हणणारा "केंद्रात पसरट गाभा" हे ऐकून नाराज झालाय. मिसळ रविवारी, मी फुकटात.

घंटीवाला | रात्री ९:४५

ताई, शेवटचं. ते तुमचे तीन हिरे फुटले, त्यांचे तुकडे टाकून दिले का?

निळीशाई | रात्री १०:२०

नाही हो. काडेपेटीत कापसात ठेवलेत. फेकवले नाहीत.

घंटीवाला | रात्री १०:२६

मग फोटो टाका. तडा कुठून गेलाय ते बघून सांगतो, दाबाने गेलाय की आधीपासूनच डाग होता.